सगळ्यांतून सारखं

त्सेतिना नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, डाव्या काठावर, पांढऱ्या दगडांचा एक ढीग आहे. ते दगड त्या काठाचे नाहीत. ग्राबान बेटावरच्या माणसांनी आपल्या वावरांतून वेचून, नावेच्या पोटात घालून, समुद्र ओलांडून तिथवर आणलेले. रिकामी नाव वाऱ्यात उभी राहत नाही. तिला पोटात काहीतरी जड लागतंच, जसं माणसाला लागतं. म्हणून जाताना दगड आणि येताना पाणी. काठाला लागलं की दगड उतरवायचे, नदीच्या पाण्याने पिपं भरायची, आणि ज्या वजनावर नाव तरली तेच वजन घरी नेऊन प्यायचं. ग्राबानच्या बाया मका दळताना म्हणतात:

दगड देऊन आलो, पाणी घेऊन आलो,
परक्या गं नदीला डोंगर देऊन आलो.
डोंगर होईल मोठा, बेट होईल लहान,
तरी नाही भागायची माझ्या बाळाची तहान.

त्या उन्हाळ्यात फ्रानाने आपल्या वाटणीचा शेवटचा दगड ढिगावर ठेवला आणि कमरेवर हात देऊन क्षणभर उभी राहिली. ईस्टरपासून बेटावर थेंब पडला नव्हता. गावच्या टाक्याच्या तळाशी हिरवा चिखल उरला होता आणि त्यात मेलेल्या पाली. ते पाणी गाळून, उकळूनही तिची लेक कातिना तापाने आणि पोटाने अंथरुणाला खिळली होती. घोट घेतला की उलटत होता. डोळे आत गेलेले, ओठांना भेगा. आगबोटीवरून येणाऱ्या डॉक्टरने पोरीची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली, आणि तो म्हणाला होता, "औषध काय देऊ? हिला स्वच्छ पाणी द्या. भरपूर. मी देऊ शकेन असं दुसरं काही नाही."

"तेता, त्या दगडांची नावं तरी सांगा," विंको मागून ओरडला. "एवढ्या मायेने ठेवताय!"

ग्राबानवर वडीलधाऱ्या बाईला तेता म्हणतात, मग ती मावशी असो वा नसो. विंको शेजारच्या घरातला, नुकता लग्न झालेला. बायको पेरीना पोटुशी होती, आणि त्या आनंदात तो दिवसभर कुणाची ना कुणाची खोडी काढत असे.

"तुझ्या सासऱ्याने लग्नात दिलेले आहेत ते," फ्राना म्हणाली. "दुसरं काय होतं बिचाऱ्याकडे?"

विंको पोट धरून हसला. त्याचा थोरला भाऊ मिकुला हसला नाही. तो आपल्या पिपाच्या भोकातून आत डोकावत होता. घरात पाच तोंडं, आणि हसणं हे त्या पाचांतलं एकही तोंड भरत नाही, असा त्याचा चेहरा.

नावेत चार घरांची चार पिपं. लांबट, मोठी, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत आडवी घातलेली, खाली पाचरी ठोकलेल्या. ज्याचं पीप त्याच्या घरातून एक माणूस, हा रिवाज. फ्रानाचा नवरा चिलीला खाणीत कामाला गेला तो तिथल्याच मातीखाली राहिला, म्हणून तिच्या घरातून तीच यायची. आणि चौथं पीप सुकाणूवरच्या म्हाताऱ्याचं, बार्बा येर्कोचं. बार्बा म्हणजे काका. येर्को सगळ्या गावाचा काका होता, फ्रानाच्या नवऱ्याचा मात्र सख्खा मामा.

येर्कोने प्रत्येक पीप स्वतः पाहिलं. पाणी भोकातून वर उतू जाईपर्यंत ओतायला लावलं, मग लाकडी हातोडीने बूच ठोकलं आणि पिपाला कान लावला.

"पीप बोलता कामा नये," तो म्हणाला. "भरलेलं पीप मुकं असतं. मुकं पीप म्हणजे नावेत झोपलेला दगड. जिथे ठेवाल तिथे राहतो. पण अर्धवट पीप म्हणजे दारुडा. नाव डावीकडे कलली की हा डावीकडे पडणार, उजवीकडे कलली की उजवीकडे. नावेला उठायचं असतं, आणि हा नेमका तेव्हाच तिच्या खांद्यावर रेलतो."

"म्हणजे आपला मिकुला. दर रविवारी," विंको म्हणाला.

"तोंड सांभाळ," मिकुला म्हणाला, "नाहीतर तुला पोहत पाठवतो घरी."

ते निघाले तेव्हा वारा होता. अर्ध्या वाटेवर तो पडला. समुद्र तेलासारखा झाला, शीड डोलकाठीला चिकटून लोंबलं, आणि चौघांनी वल्ही हातात घेतली. भरल्या नावेला वल्हवणं म्हणजे घराला वल्हवण्यासारखं. ऊन डोक्यावर आलं. सोबत खारवलेले मासे होते, वाळलेली अंजिरं होती, आणि मातीच्या सुरईत कढत झालेली वाइन. पण ग्राबानवर नुसती वाइन कुणी पीत नाही, निम्मं पाणी घालतात. येर्कोने आधीच बजावलं होतं: घरी पोचेपर्यंत पिपं उघडायची नाहीत. सगळे वाइनचे कोरडे घोट घेत राहिले आणि तहान वाढत राहिली.

तेवढ्यात समोरून एक लहानशी होडी आली. आली म्हणजे वाहत आली. आत दोन माणसं, दुसऱ्या एका बेटावरची, समुद्राच्या तळाचे स्पंज काढणारी. एक वल्ह्यावर डोकं टेकून बसला होता. दुसऱ्याने हात वर केला आणि बोलण्यासाठी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. त्याने फुटलेला माठ उचलून दाखवला.

समुद्रात पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, म्हणून तर तो कुणी मोडत नाही. प्रश्न तेवढा एकच होता, पाणी कुणाच्या पिपातलं, आणि त्याचं उत्तर मिकुलाने सहज बोलावं तसं बोलून टाकलं.

"फ्रानाचं पीप अलीकडेच आहे. हाताशी."

फ्रानाने वल्हं आत घेतलं.

"गेल्या वर्षीही हाताशीच होतं," ती म्हणाली.

गेल्या उन्हाळ्यात अशीच एक होडी भेटली होती, असंच एकच पीप उघडलं होतं आणि ते तिचं होतं. घरी गेल्यावर प्रत्येकाने तिला बादली बादली परत द्यायची, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी एक बादली आली. दुसऱ्या दिवशी अर्धी. मग लोक तिच्या दारावरून जाताना मान दुसरीकडे वळवायला लागले. तिची सासू दोमिना त्याच उन्हाळ्यात गेली. शेवटच्या रात्री ती पाणी पाणी करत होती आणि फ्रानाने तिच्या ओठांना वाइनमध्ये बुडवलेली चिंधी लावली होती. दोमिना ही येर्कोची बहीण.

"एकाच पिपातून काढायचं," येर्को खाली बघत म्हणाला. "एक पूर्ण रिकामं झालं तरी चालेल. त्यात समुद्र भरू. बाकीची तीन मुकी राहिली पाहिजेत. कुणाचं ते..." त्याची नजर स्वतःच्या पिपावर गेली. घरी आंधळी बायको होती, अंगभर फोड आलेली, दिवसातून तीनदा ओली फडकी लागायची.

"माझं घ्या," विंको म्हणाला.

"तुझी बायको पोटुशी आहे. गप बस," मिकुला खेकसला.

"मग तुझं घे."

"आणि माझी पोरं काय तुझं हसू पितील?"

होडीतला माणूस माठाची खापरी हातात धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. फ्राना उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे कातिनाचे ओठ होते, आणि त्यामागे दोमिनाचे.

"सगळ्यांतून सारखं," ती म्हणाली. "चारही उघडा. प्रत्येकातून वीत वीत. मला एक थेंब जास्त नको आणि कमीही नको."

यात चुकीचं काय होतं? येर्कोने मान वर केली, काहीतरी म्हणायला घेतलं, फ्रानाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. दोमिनाची सून दोमिनाच्या भावाकडे पाहत होती. म्हाताऱ्याने मान हलवली. "सारखं, तर सारखं," तो पुटपुटला आणि वाइन काढायची रबरी नळी विंकोकडे फेकली.

चारही बुचं निघाली. ती दोघं परकी माणसं पाणी प्याली, ओकली, पुन्हा प्याली. घरापर्यंत पुरेल एवढं त्यांचं लहान पीप भरून दिलं. आणि आता पिपं उघडलीच होती, तर हे चौघंही प्याले. मिकुलाने सुरईत ओतून घेतलं, विंकोने डोक्यावर ओतून घेतलं, फ्रानाने ओंजळभर चेहऱ्यावर. सगळं मोजून, सगळ्यांतून सारखं. भांडण मिटलं होतं. परके आशीर्वाद देत गेले. नाव कितीतरी हलकी वाटत होती वल्हवायला, आणि विंको तर गाऊही लागला.

मग एक लहानशी लाट कुठून तरी आली आणि नाव जराशी डुलली. चारही पिपं एकदम बोलली.

डुब्... डुब्. एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडे, रेंगाळत. नाव थांबल्यावरही ती बोलतच राहिली.

येर्कोने मागे किनाऱ्याकडे पाहिलं. डोंगरमाथा सकाळपासून उघडा होता. आता त्याने टोपी घातली होती. पांढरी, जाड, कडेने फाटत चाललेली ढगांची टोपी. हवा तर स्तब्धच होती. पण दूर, किनाऱ्यालगत, पाण्यावर धूर उठल्यासारखा दिसत होता.

"बूरा," तो म्हणाला.

बूरा डोंगरावरून पडतो. इतर वारे येतात, हा पडतो, छतावरून पोतं पडावं तसा. आणि ग्राबानच्या वाटेवर तो नावेला बरोबर कुशीत गाठतो.

"समुद्र ओता," येर्को ओरडला. "चारही पिपांत. गळ्यापर्यंत. नरसाळं कुठंय?"

"खारं?" फ्राना म्हणाली.

"खारंच! नळीने या पिपातलं त्या पिपात करायला आता वेळ नाही. तो बघ धूर, वारा पाणी उडवत येतोय. ओता म्हणतो ना!"

विंकोने बादली आधीच बुडवली होती. "म्हाताऱ्यापासून सुरुवात," तो म्हणाला. "बार्बा, तुमच्या घरची फडकी खारी होणार आता. काकूला सांगा, विंकोने केलं." आणि येर्कोच्या पिपाच्या भोकात नरसाळं खोचून तो बादलीमागून बादली ओतू लागला. येर्को सुकाणू धरून त्या धुराकडे बघत राहिला.

दुसरी बादली फ्रानाच्या हातात होती. भरलेली. तिच्या पिपाचं बूच तिने स्वतः काढलं, आणि हात तिथेच थांबला. आत, अंधारात, नदीचं पाणी हलत होतं. त्याचा वास येत होता, गोड्या पाण्याचा, शेवाळाचा, थंड. कातिना म्हणाली होती, आई, तू मला गार पाणी आणशील ना?

तिने मान वर केली. मिकुला आपल्या पिपाच्या भोकावर बसला होता. चक्क बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"आधी तू ओत," फ्राना म्हणाली.

"आधी तू. सारखं म्हणालीस ना? मग तूच सुरू कर."

"गेल्या वर्षी मीच सुरू केलं होतं."

"मग यंदा सवय असेल."

"ओता रे, देवासाठी!" येर्को किंचाळला.

"ती ओतेल तेव्हा मी ओतेन."

"तो उठेल तेव्हा मी ओतेन."

येर्कोचं पीप काठोकाठ झालं. विंकोने बूच ठोकलं, कपाळ पुसलं आणि दोघांकडे पाहून हसला. "भांडा, भांडा. तोवर मी माझं आटपतो." तो नावेच्या पलीकडच्या कुशीला गेला, बादली बुडवायला वाकला.

बूरा पडला.

आवाज आधी आला नाही, सगळं बरोबरच आलं. शीड फाडकन भरलं, नाव कलली, आणि चार दारुड्यांपैकी तीन एकदम उठून वाऱ्याखालच्या बाजूला जाऊन पडले. नाव उठायला बघत होती. फ्रानाला पायाखाली ते कळत होतं, लाकडाचा तो जोर, ओझ्याखालून उठणाऱ्या बैलासारखा. आणि दर वेळी पिपातलं पाणी तिला पुन्हा खाली दाबत होतं. काठावरून हिरवं पाणी आत आलं. येर्कोने कुऱ्हाडीने शिडाचा दोर तोडला. शीड सुटून फाटत फडफडलं, नाव हळूच, नको नको म्हणत, अर्धी उठली.

विंको नव्हता.

बादली दोराला बांधलेली होती, ती नावेच्या कुशीवर आपटत होती. मग तो दिसला, मागे, फार मागे, लाटेवर काळं डोकं. हात वर झाला. येर्कोने वल्हं फेकलं, पिपाची पाचर फेकली, हाताला येईल ते फेकलं. नाव आपोआप त्याच्यापासून दूर वाहत होती. त्या वाऱ्याच्या तोंडावर तिला कुणीही वळवू शकलं नसतं. मिकुला कपडे फाडत काठावर चढला. फ्रानाने त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि ती खाली बसली, सगळं अंग टाकून, वजन होऊन.

"सोड! सोड, रांडे! तो माझा भाऊ आहे!"

तिने सोडलं नाही. डोकं एकदा दिसलं, दोनदा दिसलं, मग नुसत्या लाटा दिसल्या.

नाव पुन्हा कलली. पिपं बोलत होती.

"मिकुला," येर्को म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. "पीप भर. नाहीतर आपण तिघंही."

मिकुला उठला. तो आपल्या पिपात समुद्र ओतू लागला, आणि ओतताना तोंडाने काहीतरी बडबडत होता, शिव्या की प्रार्थना, ते वाऱ्यात कळेना. फ्रानाने आपल्या पिपात ओतलं. पहिली बादली ओतताना तिने डोळे मिटले, दुसरीला नाही. पाणी भोकातून वर आलं, तिने चाखलं, खारट लागलं, आणि तिने मुठीने बूच ठोकलं.

मग ती विंकोच्या पिपाकडे वळली. येर्कोने हात आडवा केला.

"राहू दे. एक दारुडा सांभाळता येतो नावेला. चार येत नाहीत." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "हे मी दुपारी म्हणायला हवं होतं. ओरडून म्हणायला हवं होतं."

फाटक्या शिडाच्या चिंधीवर ती नाव ग्राबानच्या धक्क्याला लागली तेव्हा सूर्य बुडत होता. बाया तांब्याच्या घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नावेतली डोकी मोजली. पेरीना पुढे आली. तिने सुकाणूपासून टोकापर्यंत पाहिलं, मग पुन्हा टोकापासून सुकाणूपर्यंत. येर्कोने डोक्यावरची टोपी काढली. पेरीना खाली बसली, हळूच, पोट सांभाळून, जसं कुणी कामाला बसावं, आणि घागर तिच्या हातून सुटून पायऱ्यांवरून वाजत वाजत पाण्यापर्यंत गेली. ती कुणी उचलली नाही.

तीन पिपं खारी होती. गाढवांनीही तोंड लावलं नाही. बायांनी त्या पाण्यात कणीक भिजवली, मक्याचं पीठ शिजवलं. त्या आठवड्यात गावात कुणाला मीठ लागलं नाही. चौथं पीप विंकोच्या दारात आणून ठेवलं गेलं, वीतभर रिकामं, गोडं. गावात प्यायचं तेवढंच पाणी. त्याच्याकडे बघायचंही कुणाला धाडस होत नव्हतं, मागणं तर दूरच.

फ्राना रात्रभर लेकीच्या उशाशी बसली. चिंधी हातात होती. वाइनची सुरईही होती. तिने चिंधी भिजवली, पिळली, आणि लेकीच्या ओठांपर्यंत नेऊन परत आणली. सासूच्या वेळी लावली ती हीच चिंधी.

उजाडताना तिने दार उघडलं तर उंबऱ्यावर घागर. कडा एका बाजूला चेपलेली, पायऱ्यांवर आपटल्याची. काठोकाठ भरलेली. गल्लीत कुणी नव्हतं. शेजारच्या घराची खिडकी बंद होती, आणि दारातल्या पिपाचं बूच नीट ठोकलेलं.

ती घागर उचलून आत न्यायला फ्रानाला फार वेळ लागला. शेवटी तिने ती आत नेली. कातिनाचं डोकं मांडीवर घेतलं आणि भांडं ओठाला लावलं. पोरीने डोळे न उघडता घोट घेतला. तो पोटात राहिला. दुसरा घेतला.

"किती गोड आहे गं," कातिना म्हणाली. "आपलं आहे?"

फ्रानाने तिसरा घोट दिला.

पुढच्या खेपेला सगळे दगड घेऊन धक्क्यावर जमले तेव्हा पेरीनाही आली. परकरात दगड घेऊन, धापा टाकत.

"तू कशाला?" येर्को म्हणाला.

"घरातून एक माणूस लागतो ना?"

मिकुला समुद्राकडे बघत राहिला. फ्रानाने पेरीनाच्या परकरातले दगड एकेक करून आपल्या हातांनी नावेत ठेवले. मग तिने स्वतःचं पीप ढकलत ढकलत पुढे आणलं, सगळ्यांच्या हाताशी येईल असं अगदी अलीकडे, आणि खाली पाचर ठोकली.

"वाटेत कुणी भेटलं तर हे उघडायचं," ती म्हणाली. "तळापर्यंत."